अडीच किलोंच्या अलीकडे-पलीकडे

पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत पूर्ण दिवस भरून जन्मलेले बाळ सरासरी २.७ किलो भरते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरात ते साडेतीन किलोंचे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा खेड्यांत मातृपोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यात ही तफावत दिसली तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य पुढे होते. या अभ्यासात बाळाचे नुसते वजन केले नव्हते. डोक्याचा, पोटाचा, दंडाचा घेर फितीने मोजला होता. आणि पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी चिमट्यासारख्या कॅलिपरमध्ये धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवली होती. ही घडी म्हणजे कातडीखालच्या चरबीचे माप. हलक्या बाळात ते त्याच प्रमाणात कमी भरायला हवे होते. पुण्याकडचे बाळ इंग्रज बाळापेक्षा पोटाला लहान होते, दंडाला बारीक होते, स्नायूंनी उणे होते; पाठीवरची चरबी मात्र जवळपास तेवढीच होती. पुढे पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले, तर हलक्या पुणेरी बाळांत इन्सुलिनचे प्रमाण जास्त आढळले. संशोधकांनी या बाळाला ‘थिन-फॅट’ म्हटले. दिसायला रोड, आतून चरबी राखून असलेले.

अडीच किलोंची रेघ या बाळापुढे निरुपयोगी ठरते. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो यल्पो यांनी १९१९ मध्ये ती अकाली जन्मलेल्या बाळांची खूण म्हणून वापरली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या बाळाची व्याख्या म्हणून ती स्वीकारली. सुईणीपासून सासूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आज तोच आकडा आहे. रेघेच्या अलीकडचे बाळ काळजीचे, पलीकडचे निर्धास्त. नवजात बाळ जगेल की नाही याचा अंदाज घ्यायला ही रेघ चांगली आहे आणि त्या कामासाठी ती राहायलाच हवी. पण वजन हा पोत्यावर लिहिलेला आकडा आहे. पोत्यात गहू किती आणि भुसा किती हे त्यावरून कळत नाही. पावणेतीन किलोंचे बाळ घरी आणून पेढे वाटले जातात, आणि त्या शरीराने गर्भात कशाशी तडजोड केली हे चाळिशीत साखरेच्या तपासणीत कळते.

गर्भावस्थेतले आणि पहिल्या दोन वर्षांतले पोषण, आजार, कष्ट आणि सोबत यांचा मुलाच्या पुढच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास गेली चाळीस वर्षे चालू आहे. त्यातून निघालेले बरेचसे निष्कर्ष अजून वादात आहेत. दोन गोष्टी मात्र प्रत्येक नव्या अभ्यासागणिक अधिक ठळक होत गेल्या. पहिली ही, की बाळाच्या प्रकृतीचा हिशेब गर्भारपणाच्या बराच आधी, आईच्या मुलगीपणात सुरू होतो. दुसरी, की हा हिशेब आईच्या वागण्यापेक्षा तिच्या परिस्थितीचा आहे. धोरणांनी आणि घरांनी या दोन्ही गोष्टी अजून मनावर घेतलेल्या नाहीत.

या विचाराची सुरुवात एका नकाशातून झाली. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार, असा १९८० च्या दशकापर्यंतचा समज होता. साउदॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आणि संख्याशास्त्रज्ञ क्लाइव्ह ऑस्मंड यांनी इंग्लंड आणि वेल्समधील मृत्यूंचे नकाशे शेजारी ठेवले, तेव्हा उलटेच दिसले. १९२० च्या दशकात ज्या भागांत तान्ही मुले अधिक दगावत होती, त्याच गरीब भागांत अर्ध्या शतकानंतर हृदयविकाराने अधिक माणसे मरत होती. हा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नकाशा जिल्ह्याचा असतो, माणसाचा नसतो. एकेका माणसाची जन्मवेळची नोंद हवी होती, आणि ती हर्टफर्डशायर परगण्याच्या जुन्या वह्यांत सापडली. तिथल्या मुख्य आरोग्यसेविका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी १९११ पासून प्रत्येक बाळाची नोंद ठेवण्याची शिस्त घालून दिली होती. जन्मावेळचे वजन, अंगावर पाजले की बाटलीने, वर्ष पूर्ण झाल्यावरचे वजन, सगळे रकान्यांत लिहायचे. परिचारिका सायकलवरून घरोघर जात आणि या वह्या भरत. त्यांच्या आधारे बार्कर यांच्या गटाने १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. पहिल्या वाढदिवशी सर्वांत हलके असलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, सर्वांत वजनदार असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. वैद्यकाच्या इतिहासात मोठी नावे पुष्कळ आहेत. पाऊण शतकानंतर कामी येतील अशा नोंदी नेमाने ठेवणारी आरोग्यसेविका त्या यादीत सहसा नसते.

असे का घडावे, याचे एक स्पष्टीकरण निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये मांडले. गर्भाला रसद अपुरी पडली की तो काटकसर करतो. घरात तेल थोडेच उरले की आधी समईत घालून मग फोडणीचा विचार व्हावा, तसा मेंदूचा वाटा आधी काढला जातो. स्नायू, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांना उरलेले मिळते. यातली काही कात्री कायमची असते. मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, जन्माच्या सुमारास तयार व्हायच्या थांबतात; तेव्हा जेवढ्या झाल्या तेवढ्यांवरच जन्म काढायचा असतो. टंचाईच्या जगासाठी बेतलेले हे शरीर टंचाईतच राहिले तर कदाचित निभावून नेते. पुढे अन्न मुबलक झाले आणि हालचाल कमी झाली की तीच काटकसर अंगावर येते.

या मांडणीवर टीका झाली आणि ती रास्त होती. हलके बाळ बहुधा गरीब घरात जन्मते, गरीब घरातच वाढते, धुरात राहते, लवकर शाळा सोडते. मग साठाव्या वर्षीच्या हृदयविकाराचा दोष गर्भाला द्यायचा की मधल्या साठ वर्षांना? प्रयोग करून हे ठरवता येत नाही, कारण गरोदर बायकांना उपाशी ठेवणारा प्रयोग कोणीही करू नये. युद्धाने मात्र तो केला. १९४४ च्या नोव्हेंबरपासून १९४५ च्या मेपर्यंत जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात रसद तुटली आणि शहरांतले रोजचे रेशन हजार कॅलरींच्या खाली गेले. श्रीमंत-गरीब सगळेच उपाशी होते. दुष्काळाला नेमकी सुरुवात होती आणि नेमका शेवट होता. आणि दवाखान्यांनी बाळंतपणाच्या नोंदी जपल्या होत्या. त्यामुळे कोणत्या महिन्यात उपास घडला याचा हिशेब लावता आला. सैन्यभरतीसाठी तपासलेल्या सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदींवरून १९७६ मध्ये दिसले, की गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा अधिक होता. पन्नाशीत तपासलेल्यांपैकी जे दुष्काळात शेवटच्या महिन्यांत पोटात होते, त्यांच्यात साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. मुख्य म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतच उपास घडलेल्या बाळांचे जन्मवजन जवळपास नेहमीसारखे होते. काटा गप्प राहिला आणि शरीर बदलले.

त्याच युद्धातला लेनिनग्राडचा वेढा याहून भीषण होता आणि बराच लांबला. तरीही त्या काळात पोटात असलेल्यांची १९९० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा मधुमेहाकडे झुकणारा असा कोणताही फरक सापडला नाही. बार्करपंथीयांना अडचणीची वाटावी अशी ही नोंद आहे, आणि लोकप्रिय पुस्तकांत डच दुष्काळाला पाने मिळतात तर लेनिनग्राडला तळटीप. एक पटणारा उलगडा असा, की नेदरलँड्समध्ये मुक्तीनंतर लवकरच अन्न मुबलक झाले, लेनिनग्राडमध्ये टंचाई वेढ्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. गर्भाने बांधलेला अंदाज तिथे खरा ठरला. म्हणजे एकटा उपास घात करत नाही; उपासानंतरची सुबत्ता त्याला साथ देते. याच डच बाळांच्या रक्तात साठ वर्षांनंतर एका वाढनियंत्रक जनुकावरील रासायनिक खुणा कमी झालेल्या आढळल्या, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘दुष्काळ जनुकांवर कोरला जातो’ अशा मथळ्यांचे पीक आले. खुणा बदललेल्या दिसणे आणि त्या खुणांमुळे आजार होणे यांत अंतर आहे, आणि ते अजून पूर्णपणे मिटलेले नाही.

भारताच्या दृष्टीने लेनिनग्राड आणि नेदरलँड्स यांच्या मधली स्थिती महत्त्वाची आहे. इथे दुष्काळ एका हिवाळ्यापुरता नव्हता. पिढ्यानपिढ्यांची ओढाताण होती आणि तिच्यामागोमाग एकाच पिढीत मोटरसायकल, मोबाइल आणि पामतेलात तळलेले फरसाण आले. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा एक गट संशोधकांनी टिकवून ठेवला होता. त्यांतल्या सुमारे दीड हजार जणांची तिशीच्या आसपास तपासणी झाली आणि निष्कर्ष २००४ मध्ये आले. ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते लहानपणी लठ्ठ नव्हते. उलट दोन वर्षांचे असताना ते इतरांपेक्षा रोड होते आणि त्यानंतर उंचीच्या मानाने त्यांचे वजन इतरांहून वेगाने चढत गेले होते. पुण्याच्या सहा खेड्यांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हाचे चित्र आणखी बोलके आहे. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. तरीही ३७ टक्के मुलांचे आणि १८ टक्के मुलींचे साखरेचे नियमन बिघडलेले होते. ‘खाऊन-पिऊन सुटलेल्यांना साखर होते’ हे वाक्य या गावांत चालणार नाही. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. इतके संशोधन इतक्या कमी जागेत मावलेले क्वचितच दिसते.

आता आईकडे. पुण्याच्या अभ्यासातल्या बायकांची गर्भारपणाआधीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोंच्या आसपास होते. गरोदरपणी त्यांच्या जेवणात दिवसाला सुमारे १,७५० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने होती. म्हणजे पोट अगदी रिकामे नव्हते, पण भरलेलेही नव्हते. अपेक्षा अशी की जास्त जेवणारीचे बाळ मोठे होईल. तसे ठळकपणे दिसले नाही. बाळाच्या आकाराशी संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात येते याच्याशी. दोन भाकरी जास्त रिचवण्याचा सल्ला इथे तोकडा पडतो; भाकरीबरोबर काय आहे हा प्रश्न आहे. बाजरीची भाकरी, लाल तिखट आणि वाटीभर पातळ कालवण हे पोट भरते आणि अंगात जाणाऱ्या सूक्ष्म पोषकांचे रकाने रिकामे ठेवते.

त्या रकान्यांतला एक, ब-१२ जीवनसत्त्व, पुण्यात सर्वांत मोठा ठरला. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. पानांतून आणि धान्यातून मिळत नाही. श्रद्धेने शाकाहारी आणि गरिबीने शाकाहारी अशा दोन्ही घरांत ते तुटीचे असते. अभ्यासातल्या बहुसंख्य मातांमध्ये ते कमी होते. फोलेट मात्र पुरेसे होते, कारण ते पालेभाजीतून मिळते आणि लोहाच्या सरकारी गोळीतही असते. ही दोन जीवनसत्त्वे शरीरात एकाच यंत्राची दोन चाके आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांचे फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी वाईट असा कोणी काढू नये. सात देशांत झालेल्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवून दिले की आधीचे बाळ मज्जारज्जूच्या व्यंगाने ग्रस्त असलेल्या बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी घेतली तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल फार थोड्या गोळ्यांच्या वाट्याला आला आहे. पण एक चाक फिरवून गाडी चालत नाही.

त्याच चाचणीत वेळेचा मुद्दा दडलेला आहे. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात. ‘दिवस राहिले’ हे घरात बोलायला अवकाश असतो, अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नाव चढायला त्याहून अवकाश असतो. नाव चढल्यावर जी गोळी मिळते ती रक्तक्षयासाठी उपयोगी पडते. मज्जानलिकेच्या कामाला ती उशिरा पोहोचते. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने होतात तेव्हा बाळाचे बहुतेक अवयव घडून झालेले असतात.

मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये २००६ पासून झालेल्या एका मोठ्या चाचणीने हाच मुद्दा खाऊच्या पुडीतून तपासला. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांच्या या प्रकल्पात साडेसहा हजारांच्या आसपास बायकांना, त्या गरोदर नसतानाच, रोज एक ताजा खाऊ देण्यास सुरुवात झाली. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्या. गोळीऐवजी खाऊ निवडण्यात शहाणपण होते, कारण गोळी औषध वाटते आणि औषध आजारी माणसाने घ्यायचे असते. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली, आणि त्यातही अगदी कृश बायकांना फायदा दिसला नाही. गर्भारपणातल्या मधुमेहाचे प्रमाण मात्र पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले. ४८ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. या आकड्याची थट्टा करणे सोपे आहे. त्याचा खरा अर्थ असा, की वीस वर्षांत खुरटलेले शरीर तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. आणि काटा ज्या बदलाला ४८ ग्रॅम म्हणतो, तो बदल आईच्या रक्तातल्या साखरेत कितीतरी मोठा असू शकतो.

पोषणाइतकेच कष्टही मोजायला हवेत, आणि ते फार कमी अभ्यासांत मोजले गेले. पुण्याच्या अभ्यासात शेतातले काम, पाणी आणणे, धुणे यांची तपशीलवार नोंद होती. ज्यांचे अंगमेहनतीचे काम जास्त, त्यांची बाळे लहान, असे आढळले. हिशेब साधा आहे. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी मावते, हंड्याचे वजन वेगळे. बेचाळीस किलोंची बाई ते डोक्यावर घेते तेव्हा स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार उचलते, दिवसातून अनेक खेपा, विहिरीची चढण धरून. गावात नळ येणे ही गर्भारपणातली पोषणयोजनाही आहे. कोणत्याच खात्याच्या कागदावर ती तशी लिहिलेली नसते.

मिश्रीचेही असेच. तंबाखू भाजून केलेली काळी पूड दातांना लावण्याची सवय महाराष्ट्रात बायकांमध्ये जुनी आहे. दात घासणे हे निमित्त, तलफ हे कारण, आणि भूक मारणे हा न बोललेला उपयोग. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांच्या पाहणीत १७ टक्के बायका धूररहित तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरत होत्या. इतर कारणे वजा केल्यावरही त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि मुदतीआधी बाळंत होण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. ही पाहणी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो. घरीच तव्यावर भाजून डबीत भरलेल्या मिश्रीवर तो छापायचा कुठे?

जन्मानंतर खिडकी लगेच बंद होत नाही. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि दोन गावांत साधे गोड पेय दिले गेले. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणची तासाची कमाई दुसऱ्या गटापेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेने असा फरक पडला नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात १२९ खुरटलेल्या मुलांवर केलेली चाचणी तर खाण्यापलीकडे गेली. आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जात आणि आईला मुलाशी खेळायचे कसे ते दाखवत. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची होती. दोन वर्षांचा हा खेळ. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, असा खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. अशा छोट्या चाचणीवर फार मोठी इमारत उभी करू नये, हे खरेच. तरीही अंगणवाडीत खिचडी शिजवणे, रजिस्टर भरणे आणि वजने घेणे यांतून खेळायला किती मिनिटे उरतात, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

महाराष्ट्रात गर्भावर परिणाम हा विषय निघाला की अभिमन्यू येतोच. गर्भाला ऐकू येते ही गोष्ट खरी आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास कानाचे काम सुरू होते आणि नवजात बाळ आईचा आवाज ओळखते, हे १९८० मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात दिसले होते. तिथून श्लोकांच्या सीडीने बुद्धी वाढते इथवर मारलेल्या उडीला पुरावा नाही. पण अभिमन्यूच्या लोकप्रचलित कथेत एक तपशील लक्ष देण्याजोगा आहे. चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची रीत पोरगा शिकला नाही, कारण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली. गरोदर बाईला दिवसाच्या शेवटी झोप लागणे यात नवल काहीच नाही. कथेने मात्र मुलाच्या मरणाचे मूळ त्या झोपेत नेऊन ठेवले. गर्भसंस्काराचे वर्ग चालवणारे आणि ‘आईने हे खाल्ले म्हणून मूल तसे झाले’ असे मथळे देणारे आधुनिक लेखक या बाबतीत एकाच परंपरेचे आहेत. इतिहासकार सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मधून नेमका हाच इशारा दिला होता: या संशोधनाचा उपयोग आयांना दोष देण्यासाठी होऊ नये. बापाची प्रकृती, त्याची दारू-तंबाखू, घरातला धूर यांवर त्या मानाने अभ्यास तुटपुंजे आहेत, आणि अभ्यास नाही म्हणून दोषही नाही, असा विचित्र न्याय होतो.

आईच्या ताटात काय पडते हे अनेकदा आई ठरवत नाही. भारतात गरोदर राहण्याच्या वेळी ४२ टक्के स्त्रिया कृश होत्या आणि आफ्रिकेच्या सहाराखालील देशांत हे प्रमाण साडेसोळा टक्के होते, असे संशोधक डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये दाखवले. भारत त्यांतल्या बहुतेक देशांहून श्रीमंत आहे. तेव्हा कारण नुसत्या गरिबीत सापडणार नाही. ते धाकट्या सुनेच्या पानाशी आहे, जे सर्वांत शेवटी मांडले जाते. त्यात ‘बाळ फार मोठे झाले तर बाळंतपण अडेल’ या भीतीने शेवटच्या महिन्यांत हात आखडता घेतला जातो. बाळंत झाल्यावर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात असा खुराक मिळतो. परंपरेने बाळंतिणीला जे दिले ते चांगले दिले. न्हाणं आलेल्या मुलीला तसे काही द्यावे असे परंपरेच्या मनात आले नाही.

सरकारी योजनांचा क्रमही जवळपास तोच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेच्या केंद्रस्थानी गरोदर, स्तनदा आणि सहा वर्षांखालचे मूल राहिले. शाळकरी मुलींना आता आठवड्याची निळी गोळी मिळते. तिच्यात लोह आणि फोलिक ॲसिड आहे, ब-१२ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुरटलेली, १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी, आणि विशीतल्या पहिल्या पाच वर्षांत असलेल्या जवळपास २२ टक्के तरुणींचे लग्न अठराच्या आत झालेले. राज्याने बाळंतपणाची खाट सुधारली आहे, आणि ते मोठे काम आहे. त्या खाटेवर येणारे शरीर त्याआधी पंधरा-वीस वर्षे घडत असते, आणि ती वर्षे कोणत्याच एका खात्याची नाहीत.

पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तिथूनच सुरुवात केली. १९९० च्या दशकात जन्मतानाच मोजमाप झालेली सहा खेड्यांतली मुले-मुली तोवर किशोरवयात आली होती. त्यांच्यातल्या काहींना लग्न-बाळंतपणाच्या कितीतरी आधीपासून ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषके द्यायची, आणि त्यांना मुले होईतो थांबायचे, अशी ‘प्रिया’ नावाची ही चाचणी. अनुदानाच्या तीन वर्षांच्या चक्रात न बसणारा हा धीर आहे. ज्या मातांना नुसते ब-१२ मिळाले त्यांच्या मुलांनी दोन वर्षांचे असताना आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत अधिक गुण मिळवल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची संख्या मात्र लहान होती. आजीचे, आईचे आणि आता नातवंडांचे मोजमाप एकाच ठिकाणी नोंदलेले आहे. फितीने घ्यायचे घेर तेच आहेत, आणि चिमट्यात कातडी धरायची जागाही तीच, खांद्याच्या फऱ्याखाली.